कॅमेऱ्यासमोरचा गर्भ, कॅमेऱ्याबाहेरची माता

गर्भपाताचा प्रश्न आपल्या राज्यात घरोघरी पोहोचला तो २००८ च्या ऑगस्ट महिन्यात. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे उशिरा निदान झाल्याने मुंबईतील एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासमवेत उच्च न्यायालयात धाव घेतली होती. १९७१ च्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. ४ ऑगस्ट रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली आणि थोड्याच दिवसांत त्या मातेचा आपोआप गर्भपात झाला.

या काळात वृत्तवाहिन्यांवर दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहिले. निवडीच्या हक्काचा पुरस्कार करणाऱ्यांनी एका कुटुंबाची व्यथा पुढे ठेवली. कायद्याच्या कलमापेक्षा रडवेला चेहरा प्रेक्षकाला अधिक भिडतो, हे त्यांनी जाणले होते. जीवनरक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांनी न जन्मलेल्या बाळाच्या वतीने आवाज उठविला; मुंबईत ख्रिस्तसभेच्या वतीने बाळाचा सांभाळ करण्याची तयारीही दर्शविण्यात आली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली.

चित्रांप्रमाणेच शब्दांचेही सामर्थ्य मोठे असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात १९८० च्या दशकात स्त्री-संघटनांनी चळवळ उभारली आणि १९८८ मध्ये राज्याने देशातील पहिला कायदा केला. या मोहिमेच्या फलकांवर 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द रूढ झाला. कालांतराने त्याच चळवळीतील अनेकांनी त्यास हरकत घेतली, कारण 'हत्या' म्हटले की कायद्याने संमत असलेला गर्भपातही गुन्हा वाटू लागतो. त्यांनी 'गर्भलिंगनिवड' हा शब्द सुचविला. जीवनवाद्यांना मात्र जुनाच शब्द सत्याच्या जवळचा वाटतो. म्हणजे एका शब्दाच्या निवडीतच अर्धा वाद जिंकला वा हरला जातो.

या गदारोळात चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील स्त्री कुठे आहे? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गडचिरोलीत हे प्रमाण ९५० हून अधिक, राज्यात अग्रभागी होते. येथील स्त्रीचे दुःख निराळे आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, परंतु पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ही बातमी कोणत्याही पक्षाच्या घोषणेत बसत नाही, म्हणून ती पडद्यावर टिकत नाही.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेथील गर्भवतीला २० आणि २४ आठवड्यांच्या वादापेक्षा दवाखान्याचा रस्ता मोठा असतो. हक्क सांगणाऱ्यांनी तो हक्क तिच्या पाड्यापर्यंत कसा पोहोचेल ते सांगावे. जीवनाचा पुरस्कार करणाऱ्या आपणही आधी स्वतःला विचारावे: गर्भातील जीवासाठी उठणारा आपला आवाज तो जीव वाहणाऱ्या मातेच्या पंडुरोगासाठी, तिच्या बाळंतपणासाठी तितक्याच तळमळीने उठतो काय? कॅमेरा गेल्यावरही जो तिच्या दारी थांबेल, त्याच्याच शब्दाला वजन येईल.