चट्टा आधी दिसतो, दाखला नंतर लागतो

काही वर्षांपूर्वी मालेगाव तालुक्यातील एक शेतमजूर बाई अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद घेऊन माझ्याकडे आली. उजव्या हाताची दोन बोटे आत वळलेली, विळा धरता येत नाही. विचारपूस केली तेव्हा कळले, आधी दंडावर एक फिकट चट्टा होता. गजकर्ण समजून दुकानातले मलम लावण्यात वर्ष गेले. चट्ट्याला खाज नव्हती, म्हणून कुणी काळजी केली नाही. खरे तर काळजीचे कारण तेच होते. गजकर्ण खाजतो, कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो.

या बाईची दखल कायदा घेतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचा समावेश आहे. पण कायदा बोटे वळल्यावर येतो. चट्टा असताना तिला कुणी तपासले, हा खरा प्रश्न आहे.

या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. कापसाची वात किंवा बॉलपेनचे टोक चट्ट्याला हळूच लावायचे आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारायचे, कुठे लागले? सांगता आले नाही, तर संशय पक्का धरून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. तिथे डॉक्टर कोपराजवळची नस जाड झाली आहे का पाहतात. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, अधिक असतील तर बारा महिने गोळ्या. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार सुरू झाला की लागणीचा धोका लवकरच संपतो. मात्र मेलेली नस गोळ्यांनी परत येत नाही.

मग उशीर का होतो? २००५ च्या डिसेंबरमध्ये देशात दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले आणि कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हा आकडा फक्त उपचार चालू असलेल्या रुग्णांचा असतो. उपचाराचा काळ कमी केला की नोंदवहीतला रुग्णही कमी होतो. जो शोधलाच नाही, तो मोजलाही जात नाही. घोषणेबरोबर घरोघरची शोधमोहीम मंदावली. २०१६ पासून पुन्हा शोध सुरू झाला तेव्हा लपलेले रुग्ण सापडू लागले. २०२३ साली जगात सुमारे एक लाख ८२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक भारतातले होते. निर्मूलन रोगाचे झाले की आकड्याचे?

दुसरे कारण भीती. रक्तपिती म्हटले की घर वेगळे ताट मांडते. ही भीती कायद्यानेच पोसली. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली वगळले गेले. कुष्ठरुग्णाला नगरपालिकेच्या निवडणुकीतून बाद करणारी ओडिशातील तरतूद २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली होती. स्पर्श नाकारला की माणूस कसा मोडतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे.

२०१७ पासून दर ३० जानेवारीला सुरू होणाऱ्या मोहिमेचे नावच ‘स्पर्श’ आहे. ग्रामसभेत प्रतिज्ञा वाचली जाते. प्रतिज्ञेने चट्टा सापडत नाही, त्यासाठी पाठ उघडी करून पाहावी लागते. बाईला बाईने तपासले पाहिजे, आशाताईला वेळ आणि मानधन मिळाले पाहिजे.

वाशिम हा २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. रिसोड, मानोऱ्याचा मजूर कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातो तेव्हा त्याच्या गोळ्या त्याच्याबरोबर जातात का, हे आरोग्य खात्याला विचारा. माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्यातील नव्या रुग्णांची संख्या मागा, आणि त्यातल्या किती जणांना निदानाच्या दिवशीच विकृती होती तेही मागा. हा दुसरा आकडा आरोग्य खात्याच्या उशिराची कबुली असतो.

कार्यकर्त्यांनो, येत्या रविवारी विहारातल्या बैठकीनंतर अर्धा तास यासाठी ठेवा. कापूस आणि पेन घरात आहेतच. बधिर चट्टा आज सापडला, तर उद्या दाखल्यासाठी वकिलाकडे यावे लागणार नाही.