पहिली रायफल विकत घ्यायची घाई नको

पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून मुलाला नेमबाजीला घालायचे म्हटले की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘रायफल कोणती घ्यायची?’ माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी कोणतीच घेऊ नये. मुलाने क्लबची रायफल वापरावी आणि ती निवडताना किंमत किंवा कंपनी न पाहता मुलाची उंची, हाताची लांबी आणि ताकद पाहावी. स्पर्धेची १० मीटर एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, बहुतेक साडेचार किलोंच्या आसपास भरतात. छत्तीस किलोच्या मुलाने तेवढे वजन पेलणे म्हणजे साठ किलोच्या माणसाने साडेसात किलोची रायफल उचलून तासभर उभे राहणे. नेमबाजीत हे वजन दंडाच्या जोरावर पेलायचे नसते, ते हाडांवर तोलायचे असते. डावे कोपर बरगड्या-कमरेला टेकते आणि पाठ मागे व बाजूला कलते. वाढत्या वयात रोज असे उभे राहायचे, तर रायफल हलकी आणि सराव छोटा हवा. सुरुवातीला नळी स्टँडवर टेकवून सराव करण्यात काहीही कमीपणा नाही. त्यामुळे मुलाचे लक्ष नेम आणि ट्रिगर या दोनच गोष्टींवर राहते.

रायफल मापाची आहे का, हे तपासायला पैसा लागत नाही. मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावरच्या चीकपीसवर (गालाच्या आधारावर) टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता डोळा मागच्या साइटच्या छिद्रासमोर आला आणि तर्जनीचे पेर ट्रिगरवर सहज पडले, तर दस्ता बरोबर आहे. मान पुढे काढावी लागली, तर तो लांब आहे. मुलांसाठीच्या आखूड मॉडेलचे वजन तीन-साडेतीन किलोंच्या आसपास असते आणि त्यांचा दस्ता वाढत्या उंचीप्रमाणे पुढे-मागे करता येतो. स्वस्त पडते म्हणून स्प्रिंगची रायफल आणणारे पालक मुलाचे नुकसान करतात. ती प्रत्येक वेळी ताणायला जोर लागतो, छर्रा सुटताना ती हिसका देते आणि त्या हिसक्याच्या धास्तीने मूल डोळे मिटायला शिकते. एकदा लागलेली ही सवय प्रशिक्षकाला महिनोन्‌महिने मोडावी लागते.

‘आधी सुरुवात करणाराच पुढे जातो’, हा पालकांचा आक्षेप मला समजतो, पण पुरावा त्याच्या बाजूचा नाही. पॅरिसमध्ये महिलांच्या १० मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकणारी कोरियाची बान ह्योजिन सोळा वर्षांची होती आणि तिने नेमबाजी सुरू केली होती २०२१ मध्ये. स्वप्निलची रायफलशी गाठ पडली ती राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, किशोरवयात, आणि ऑलिंपिकपदक मिळाले तिशी जवळ आल्यावर. दहाव्या वर्षी महागडी रायफल हाती न आल्याने दोघांचे काही अडले नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मुलांच्या हाती शस्त्र द्यावेच कशाला? एअर रायफलचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, म्हणून ही काळजी अगदी रास्त आहे. ठरावीक शक्तीच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे ती घरात कपाटाच्या मागे पडून राहते आणि तिची जबाबदारी कुणाचीच नसते. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना सर्वसाधारणपणे छर्ऱ्याची रायफल देत नाहीत, ती प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलवर शिकतात. घराच्या उलट, रेंजवर नळी सदैव लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर, सराव संपला की रायफल रिकामी केल्याची खातरजमा आणि कपाटाला कुलूप, ही शिस्त आपोआप पाळली जाते. घरी ती पाळायला रोज कोणी मोठे माणूस बसलेले नसते. शस्त्राची भीती असणाऱ्या पालकांनी तर क्लबच्या रायफलचाच आग्रह धरायला हवा.

अडचण आहे ती क्लबांची. बऱ्याच रेंजवर मोठ्यांच्याच रायफली असतात आणि मुलाला त्यातलीच एक हातात मिळते. जिल्हा क्रीडा संकुलांच्या खरेदीत प्रत्येक रेंजसाठी दोन-तीन आखूड, हलक्या रायफली आणि एक प्रकाशकिरणाची रायफल असायला हवी. आणि प्रवेश घेताना पालकांनी फी विचारण्याआधी मुलाच्या मापाची रायफल दाखवा, असे म्हणावे.