वाचलेले दिवस कोणाचे?

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची कोनशिला बसवली. गुंतवणुकीचे गोडवे गायले गेले. आरेखकाचा विचार कोणी केला नाही. नियोजित इमारतीच्या ज्या रंगीत दृश्यचित्रासाठी तो संगणकापुढे दिवसचे दिवस खपत असे, ते आता चार ओळींच्या आज्ञेवर मिनिटभरात उमटते. (चित्रातील तुळई भार पेलेल काय, हे अर्थात माणसानेच तपासायचे!) आणि हे यंत्र शिकले कशावर? असंख्य आरेखकांनी व कलावंतांनी घडवलेल्या, मोबदल्याविना उचललेल्या चित्रांवर. ज्याचे श्रम गिळले, त्याच्याच भाकरीवर आता घाला!

१९७२ चा वास्तुविशारद कायदा 'आर्किटेक्ट' या पदवीला संरक्षण देतो. आयटीआयमध्ये दोन वर्षे शिकून आलेल्या आरेखकाला त्याचा उपयोग नाही. वाचलेले दिवस, बाजाराच्या नियमानुसार, मालकाच्याच पदरात पडणार.

याच छत्तीसगडात दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला आणि अर्ध-यांत्रिकीकरणाची स्वतःची योजना भिलाई पोलाद कारखान्यापुढे ठेवली. यंत्र किती आणि कोणासाठी, हा प्रश्न तेव्हा खाणीत विचारला गेला. आज तो रायपूरच्या वातानुकूलित कचेऱ्यांत विचारला पाहिजे. आणि पहिली मागणी हवी ती त्याच पगारात कमी तासांची.