सुटलं कोण?

परवा शनिवारी सकाळी (आमच्याकडे शनिवारची सकाळ साडेदहाला होते) एका जुन्या ओळखीच्या काकांचा फोन आला. "अरे, आपल्या काकूंचे मिस्टर गेले. गुरुवारी."

'आपल्या' काकू म्हणजे कुठल्या, हे विचारावं लागलं नाही. आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "सुटल्या हो बिचाऱ्या!"

काका काहीच बोलले नाहीत. त्या दोन-तीन सेकंदांत मला माझंच वाक्य परत ऐकू आलं आणि लाज वाटली. कारण ते वाक्य बोलायचा हक्क ज्यांना मुळीच नाही, अशा मोजक्या लोकांत माझा नंबर लागतो.

थोडं मागे जायला हवं. २००७ साली मी चोवीस वर्षांचा होतो, हिंजवडीत पहिलीच नोकरी, आणि घरी बाबा प्यायचे. किती, केव्हापासून वगैरे जाऊ दे. ज्यांच्या घरी असतं त्यांना सांगायला लागत नाही आणि ज्यांच्या घरी नसतं त्यांना सांगून कळत नाही. तेव्हा कुणीतरी अल-अ‍ॅनॉनचा पत्ता दिला. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आहे, १९३५ पासून. ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक बिल विल्सन. त्याच्या बायकोच्या, लोइसच्या लक्षात आलं की नवरा मीटिंगमध्ये बसतो तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्या बायकांचंही काहीतरी बिघडलेलं असतं. त्यातून १९५१ साली घरच्यांसाठी वेगळी संघटना उभी राहिली, ती अल-अ‍ॅनॉन. फी नाही, आडनाव नाही, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. आपली पाळी आली की आपलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बस.

आमची मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरायची. चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले आम्ही दहा-बारा जण. माझ्या शेजारी काकू. बँकेतून थेट यायच्या, हातात डब्याची पिशवी. घरी 'भिशी आहे' सांगून यायच्या. एकदा मी धीर करून सांगितलं की, बाबांना सकाळी उठवत नाही म्हणून मी त्यांच्या ऑफिसात फोन करतो आणि 'व्हायरल आहे' असं खोटं सांगतो. नियमाप्रमाणे कुणीच काही बोललं नाही. नंतर खाली टपरीवर चहा घेताना काकू म्हणाल्या, "मी मलेरिया सांगते. जास्त दिवस पुरतो."

इतका मोठ्याने मी कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो. टपरीवाला बघायला लागला. काकूही हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. आपण एकटेच असे नाही, हे समुपदेशनाच्या दहा तासांत कळलं नसतं ते त्या एका मलेरियाने कळलं.

पुढे २०११ मध्ये बाबांची सुटली. का सुटली ते देवाला ठाऊक. तोच आजार, त्याच मीटिंगा. काकूंच्या मिस्टरांची चार वर्षं सुटून पुन्हा सुरू झाली. माझं काम झालं तसं मी जाणं बंद केलं. ऑनसाइट, लग्न, होम लोन... कारणं भरपूर आहेत, पण खरं कारण एवढंच की मला ते बाक पुन्हा बघायचे नव्हते. काकू मात्र दर गुरुवारी जात राहिल्या.

असो. तर प्रश्न असा पडला की भेटायला जायचं तर कोण म्हणून जायचं? या बाईच्या घरात क्वार्टर कुठे लपवलेली असायची (तांदळाच्या डब्यात, एकदा तर देवघरामागे) ते मला माहीत होतं, पण आडनाव माहीत नव्हतं! काकांनी एकदा त्यांना सोसायटीपाशी सोडलं होतं, म्हणून पत्ता मिळाला. दारात कुणीतरी विचारलंच. म्हटलं, "बँकेतली ओळख." काकूंनी आतून पाहिलं आणि तेच पुढे चालवलं. मलेरियाची सवय!

मी तासभर बसलो. त्या तासात चार जणींनी येऊन तेच सांगितलं. "सुटलीस गं एकदाची." "आता स्वतःसाठी जग." एक तर म्हणाली, "रडतेस काय, त्या माणसाने दिलं काय तुला?" काकू प्रत्येकीला मान हलवून 'हो हो' म्हणत होत्या.

आपल्या भाषेची एक गंमत बघा. कॅन्सरने माणूस गेला की आपण म्हणतो, 'सुटले बिचारे'. म्हणजे जो गेला तो सुटला. दारूने गेला की सुटते त्याची बायको. तिला दुःख होऊ शकतं, हे आपण धरतच नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखावर पुस्तक काढलं: समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ज्याचं सुतक उघडपणे पाळता येत नाही, असं दुःख. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्टच बंद पडला म्हणून सगळे बग 'क्लोज्ड' करून टाकायचे. फिक्स एकही झालेला नसतो.

बायका उठल्यावर काकू पाणी द्यायच्या निमित्ताने माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. लिव्हर संपलं होतं, पोटात पाणी झालं होतं, दीड महिना हॉस्पिटलात. "दीड महिना एक थेंब नाही रे. पहिले काही दिवस नुसते भ्रमात होते, कुणाला ओळखत नव्हते. पण मग एक दिवस सकाळी म्हणाले, 'तू जेवलीस का?' सत्तावीस वर्षांत विचारलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा असेच होते. ते परत आले आणि मग गेले. आता हे यांना कसं सांगू?"

मी काही बोललो नाही. या वेळी नियम म्हणून नाही, सुचलंच नाही.

परतताना गाडीत मी विचार करत होतो की मी तिथेही तेच केलं असतं. मघाचा फोन आला नसता, काकांनी गप्प राहून मला पकडलं नसतं, तर पाचवा 'सुटलात' माझा होता. ज्या घरात बाबांच्या प्रत्येक 'उद्यापासून बंद'वर आम्ही खरोखर विश्वास ठेवला, त्या घरातला मी. माणूस जिवंत असेपर्यंत ती आशा मरत नाही, कितीही शिव्या घातल्या तरी. काकूंची ती आशाही त्याच गुरुवारी गेली, आणि तिच्यासाठी भेटायला कुणीच येत नाही.

निघताना चपला घालत होतो तर काकू दारापर्यंत आल्या. "अरे, मीटिंग अजून गुरुवारीच असते ना? हे अ‍ॅडमिट झाल्यापासून गेलेच नाही. आणि आता मला येता येईल का? म्हणजे, आता ते नाहीत, तर..."

येता येतं. जवळच्या कुणाच्या दारूचा त्रास आपल्याला झालेला असला की झालं. तो माणूस हयात असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. एवढं मला आठवत होतं. वेळेचं मात्र सांगता येईना, दहा वर्षांहून जास्त झाली होती. म्हटलं, विचारून कळवतो.

रात्री काकांना फोन केला. गुरुवारच, पण आता सातला. शाळेची इमारत पाडली, जागा बदलली आहे, टपरीही गेली. काकूंना तसा मेसेज टाकला. लगेच उत्तर आलं, "घरी भिशी सांगितलंय. तू येतोस का?"

गुरुवारी सातला क्लायंटबरोबर कॉल असतो. तो पुढे ढकलायला सांगितलाय. कारण विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलंय.