पाटी, भाव आणि लोकेच्छा : सीमाभागात उदारमतवादाची कसोटी

दुकानाच्या पाटीवर कोणत्या भाषेची अक्षरे किती मोठी असावीत, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. बेळगावात तो तसा नाही. कर्नाटक विधिमंडळाने २०२४ मध्ये भाषाविषयक कायद्यात दुरुस्ती करून व्यावसायिक पाट्यांचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे बंधनकारक केले. सीमाभागात त्यावरची चर्चा नेहमीप्रमाणे ‘कन्नड विरुद्ध मराठी’ याच वाटेने गेली. मात्र व्यापाऱ्याने स्वखर्चाने लावलेल्या पाटीवर सरकारची सत्ता कुठवर चालावी, हा प्रश्न भाषेच्याही आधीचा आहे.

हा प्रश्न सर्वप्रथम ठामपणे मांडला तो अभिजात उदारमतवादाने. जॉन लॉक, अ‍ॅडम स्मिथ आणि जॉन स्टुअर्ट मिल यांच्या लेखनातून आकाराला आलेल्या या विचाराच्या केंद्रस्थानी व्यक्ती आहे. तिचे मत, मालमत्ता आणि व्यवहार यांना कायद्याचे संरक्षण असावे, शासनसंस्थेच्या अधिकाराला मर्यादा असावी आणि सत्ता शासितांच्या संमतीवर उभी असावी, हे त्याचे सार होय. नंतरच्या विचारधारांनी केंद्र बदलले. समाजवादाने वर्गाला, राष्ट्रवादाने व भाषिक अस्मितावादाने समूहाला, तर कल्याणकारी राज्याच्या कल्पनेने संधीच्या समतेला अग्रक्रम दिला. त्यांचे आपसांत तीव्र मतभेद आहेत. तरी आपले उद्दिष्ट साधण्यासाठी सरकारचा हात अधिक लांब करण्यास त्यांतील कोणाचीच हरकत नसते.

सीमाभागाने या विचारांची टक्कर प्रत्यक्ष अनुभवली आहे. १९८१ च्या मार्च महिन्यात निपाणीजवळ हजारो तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. नेतृत्व शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांचे होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची भूमिका. भाषावादाने पोळलेल्या या पट्ट्यात मराठी आणि कन्नड भाषक शेतकरी एकाच मागणीसाठी रस्त्यावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या या आंदोलनाचा शेवट ६ एप्रिल रोजी पोलीस गोळीबारात झाला आणि बारा शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. शेतकऱ्याची गरिबी निसर्गाने लादलेली नसून सरकारी धोरणाने त्याच्या मालाचा भाव पाडल्यामुळे आलेली आहे, ही जोशी यांची मांडणी. पुढे त्यांनी खुल्या बाजारपेठेचे आणि तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचे उघड समर्थन केले, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. मराठी मुलखात अभिजात उदारमतवादाला एवढा जनाधार क्वचितच दुसऱ्या कोणी मिळवून दिला असेल.

त्याच निपाणीत या विचाराची मर्यादाही दिसली. तंबाखूच्या वखारींत धुळीत दिवसभर राबणाऱ्या स्त्रियांनी त्याच सुमारास संघटित होऊन मजुरी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संप केला. युगांतर या महिला चित्रपटसमूहाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर चित्रपट केला. कागदोपत्री या स्त्रिया काम नाकारण्यास मोकळ्या होत्या. परंतु ज्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्या घरी करारस्वातंत्र्याला फारसा अर्थ उरत नाही. त्यांना बळ दिले ते संघटनेने आणि कामगार कायद्याच्या आधाराने. येथे समाजवादी टीका योग्य ठरते.

मराठी उदारमतवादाला हे भान नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्लंडचे निर्हस्तक्षेपाचे अर्थशास्त्र भारताला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले होते. व्यक्तिस्वातंत्र्याचा आग्रह धरताना दुबळ्याला उभे करण्याची सरकारची जबाबदारीही त्यांनी मान्य केली.

शिक्षणाच्या प्रश्नात या दोन्ही बाजू एकत्र येतात. प्राथमिक शाळांत मातृभाषा किंवा कन्नड माध्यम सक्तीचे करणाऱ्या कर्नाटकाच्या १९९४ च्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी निकाल दिला. माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा व त्याच्या पालकांचा आहे, सरकार ते लादू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा निखळ उदारमतवादी निवाडा. त्याचा लाभ इंग्रजी शाळांना झाला आणि मातृभाषेच्या पुरस्कर्त्यांना तो खुपला, हे खरे; तथापि मराठी शाळा निवडणाऱ्या खानापूरच्या पालकालाही तेच तत्त्व संरक्षण देते. मात्र निवडायला शाळाच उरली नाही, तर निवडीचा हक्क पोकळ ठरतो. म्हणूनच राज्यघटनेतील ‘३५० अ’ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. हक्क उदारमतवादाने दिला. तो वापरता येण्यासाठी शिक्षक आणि वर्गखोली सरकारनेच पुरवावी लागते.

तत्त्वाची खरी परीक्षा मात्र स्वतःच्या हाती सत्ता आल्यावर होते. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानांवरील मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असा नियम सर्व दुकानांना लागू केला. बेळगावातील सक्ती अन्याय आणि मुंबईतील सक्ती अभिमान, असे म्हणता येणे अवघड आहे. राजभाषेला सार्वजनिक जागी स्थान असावे, ही अपेक्षा दोन्हीकडे समजण्याजोगी आहे. अल्पसंख्याकाला आपली भाषा शेजारी तितक्याच सन्मानाने लिहिता यावी, ही अपेक्षाही दोन्हीकडे तितकीच रास्त आहे.

सीमावासीयांच्या स्वतःच्या शब्दकोशात मात्र उदारमतवादाचा गाभा केव्हाच रुजलेला आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या त्यांच्या चार कसोट्यांपैकी अखेरची कसोटी म्हणजे शासितांची संमती. गोव्याला तिचे मोल सांगण्याची गरज नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना विलीनीकरणाविषयी थेट विचारण्यात आले आणि त्यांचा कौल दिल्लीने मानला. त्याच वर्षी महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यात ठेवण्याची, तर निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि जनतेला विचारण्याची वेळ आलीच नाही.

२००४ पासून हा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही; अनेक मराठी मते राष्ट्रीय पक्षांकडे वळली. याचा अर्थ लोकेच्छा संपली असा काढणे घाईचे होईल, आणि ती १९५६ सारखीच आहे असे गृहीत धरणेही तितकेच घाईचे. सीमेचा निकाल लागेपर्यंत एवढे तरी दोन्ही राज्यांच्या आवाक्यात आहे : मराठीत लिहिलेला अर्ज कचेरीत स्वीकारला जावा, मराठी शाळेतील रिक्त जागी शिक्षक यावा आणि पाटीवरील दुसऱ्या भाषेवर कोणी काळे फासू नये. त्यासाठी नकाशावरची रेषा हलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.