सहाव्या घरात कोण बसलंय?

पायथनमध्ये एखाद्या फाइलची माहिती मागितली की हाती मूल्यांची एक रांग येते. त्या रांगेत सहाव्या क्रमांकावर फाइलचा आकार असतो आणि आठव्यावर ती शेवटची कधी बदलली ती वेळ. मोजायचं मात्र शून्यापासून, म्हणजे सहावं घर प्रत्यक्षात सातवं. कुंडली मांडणाऱ्या ज्योतिषाला निदान घरं एकपासून मोजायची मुभा असते! पायथनच्या कर्त्यांना ही अडचण लवकर कळली आणि २.२ या आवृत्तीपासून त्यांनी या मूल्यांना नावं दिली. तरी चौकटी कंसात नुसता सहाचा आकडा टाकलेला कोड आजही सापडतो. वर त्याची तरफदारी करणारेही भेटतात.

माझं म्हणणं असं: तीन-चार मूल्यं नेहमी एकत्रच प्रवास करत असतील, तर त्यांचं नाव असलेल्या फील्डांचं एक छोटं रेकॉर्ड करावं. मग पायथनमध्ये ते डेटाक्लास असो, जावात रेकॉर्ड, कोटलिनमध्ये डेटा क्लास किंवा सीमध्ये जुनं स्ट्रक्ट. प्रकार कुठला हा पुढचा प्रश्न. आधी आक्षेपांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप आळसाचा, म्हणून सर्वांत लोकप्रिय. ‘दोनच तर आकडे आहेत, टपल पुरे. कुठला कोणता ते लक्षात राहतं.’ लक्षात राहतं, पण कोणाच्या? पुण्याचे अक्षांश साधारण १८.५२ आणि रेखांश ७३.८६. बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो आणि नकाशांच्या बऱ्याच लायब्रऱ्याही तोच क्रम पाळतात. जिओजेसन या फॉरमॅटचं २०१६ चं प्रमाणक मात्र आधी रेखांश मागतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांनाही दोन दशांश आकड्यांचं टपलच हवं असतं. मधल्या एका फंक्शनमध्ये क्रम उलटला की शनिवारवाडा थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या अलीकडच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो. प्रोग्राम कुरकुर करत नाही, कारण त्याच्या लेखी ते दोन आकडे आहेत आणि दोन आकडेच मागितले होते. फील्डला ‘अक्षांश’ असं नाव असतं, तर निदान वाचणाऱ्याला ओळीवर नजर टाकताच शंका आली असती.

‘मग डिक्शनरी वापरा की, तिथे नावंच असतात,’ असा दुसरा आक्षेप येतो. हा जास्त विचार करून घेतलेला आहे आणि त्याच्यामागे वजनदार माणसं उभी आहेत. ॲलन पर्लिस यांनी १९८२ साली आपल्या सूत्रांत सांगितलं होतं, की थोड्या रचनांवर भरपूर फंक्शनं चालावीत हे बरं. प्रत्येक कामाला नवी रचना आणि तिची वेगळी फंक्शनं नकोत. क्लोजर भाषेचे कर्ते रिच हिकी हाच विचार वर्षानुवर्षं मांडत आले आहेत: माहिती साध्या मॅपमध्ये ठेवा, म्हणजे तिच्यावर सगळी सर्वसाधारण फंक्शनं चालतील. हिकींचा हा युक्तिवाद मला क्लोजरपुरता पटतो. तिथला मॅप एकदा बनला की बदलत नाही आणि त्यातल्या नावांना आडनाव लावून ती एकमेकांपासून वेगळी ठेवता येतात. शिवाय कोणत्या मॅपमध्ये काय असलं पाहिजे हे तपासणारी स्वतंत्र लायब्ररीही त्या मंडळींनी केली. त्याच भाषेत रेकॉर्डचीही सोय आहे, आणि ते रेकॉर्ड मॅपसारखंच वागतं.

आपली मंडळी तिथून फक्त निष्कर्ष उचलतात. पायथनच्या डिक्शनरीत कोणीही, कुठेही, काहीही घालू शकतो. एकाने ‘पिनकोड’ लिहिलं आणि दुसऱ्याने मध्ये जोडरेघ टाकली, की एकाच पत्त्यात दोन पिनकोड गुण्यागोविंदाने नांदू लागतात. वाचणारा ‘गेट’ वापरून वाचत असेल तर चूक कळतही नाही. रिकामं उत्तर येतं आणि पुढे सरकतं. फंक्शनच्या सहीत ‘डिक्शनरी येते’ एवढंच लिहिलेलं असतं, आत काय आहे ते कळायला सगळं फंक्शन वाचावं लागतं. नावं आहेत खरी, पण ती कोणालाच बांधील नाहीत.

एका ठिकाणी मात्र डिक्शनरीवाल्यांचं ऐकावं. बाहेरून आलेलं जेसन उघडून न पाहता जसंच्या तसं पुढे पाठवायचं असेल, तर त्याचं रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही. ज्यातलं आपण काही वाचतच नाही, त्याला आकार देण्याची उठाठेव कशाला?

तिसरा आक्षेप दुसऱ्याच गोटातून येतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिस्तीचे पाईक म्हणतात, ‘ज्या क्लासला वागणूक नाही, नुसती माहिती आहे, तो क्लास आजारी.’ आधाराला मार्टिन फाउलर असतातच. १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या त्यांच्या पुस्तकात कोडच्या दुर्गंधींच्या यादीत डेटा क्लासचंही नाव आहे. पण त्याच यादीत आणखी दोन दुर्गंधी आहेत: नेहमी घोळक्याने फिरणारी माहिती, आणि साध्या आकड्यांचं आणि अक्षरमालांचं वेड. त्यांवर उपाय कोणता? त्या घोळक्याला एका नावाखाली आणा. पुढे २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत फाउलरनी सूटही स्पष्ट दिली, की एखाद्या फंक्शनचा निकाल म्हणून परत येणारं आणि न बदलणारं रेकॉर्ड चालेल. साक्षीदाराची अर्धीच साक्ष वाचून खटला जिंकता येत नाही.

खरं तर रेकॉर्ड ही ऑब्जेक्टपेक्षा जुनी गोष्ट आहे. १९५९ मध्ये आकार घेऊ लागलेल्या कोबोलमध्ये फील्डांना नावं होती, पातळ्या होत्या; ग्राहकाच्या आत पत्ता, पत्त्याच्या आत शहर. बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब त्यावर चालले. १९६५ च्या सुमारास टोनी होअर यांनी रेकॉर्डची कल्पना नीट मांडली आणि निकलाउस विर्थ यांच्यासोबत ती अल्गोल डब्ल्यूमध्ये उतरवली. (ज्या शून्य संदर्भाला होअर पुढे आपली अब्ज डॉलरची चूक म्हणाले, तोही याच कामातून आला. चांगल्या घरातही एखादं व्रात्य पोर निघतंच.) विर्थनी १९७० मध्ये पास्कल आणली तेव्हा रेकॉर्ड तिच्या गाभ्यातच होतं.

मग जावाच्या काळात आपण उलटं शिकलो. दोन आकडे ठेवायला क्लास, कन्स्ट्रक्टर, प्रत्येक फील्डला गेटर, तुलनेसाठी एक मेथड, हॅशसाठी दुसरी, छापण्यासाठी तिसरी. त्या पन्नासेक ओळींना कंटाळून माणसं टपलकडे आणि डिक्शनरीकडे पळाली, यात त्यांचा फारसा दोष नाही. दोष भाषेचा होता आणि भाषेनेच तो निस्तरला: सी शार्पमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये रेकॉर्ड आलं, तर मार्च २०२१ च्या जावा १६ मध्ये ते कायम झालं. आता ते सारं एका ओळीत होतं. ‘एवढ्यासाठी कोण क्लास लिहील’ हा आक्षेप तिथेच संपला.

आता स्वपक्षाचीही थोडी झाडाझडती. पायथनमध्ये रेमंड हेटिंगर यांचं नेम्ड टपल २००८ मध्ये २.६ या आवृत्तीबरोबर आलं. ते साध्या टपलइतकीच जागा घेतं आणि वाचायला छान. पण पोटात ते टपलच राहिलं. (१९२०, १०८०) हा पडद्याचा आकार आणि (१९२०, १०८०) हा पडद्यावरचा बिंदू यांची तुलना करा. दोन वेगळे प्रकार असूनही पायथन म्हणेल, एकच! त्यात एक फील्ड वाढवलं, की त्याची दोन चलांत वाटणी करणाऱ्या सगळ्या ओळी कोसळतात. जुन्या टपलच्या जागी गुपचूप नावं आणायची असतील तर ते उत्तम, पण नव्या कोडला ते वापरू नये असं माझं मत.

नव्या कोडला डेटाक्लास. तो जून २०१८ मध्ये पायथन ३.७ सोबत आला आणि तुलना करताना आधी प्रकार पाहतो. मात्र नुसता घेतला तर त्यातही चुकीच्या नावाचं फील्ड बाहेरून चिकटवता येतं. डिक्शनरीवर जो आरोप केला तो इथेही लागू पडतो. म्हणून ‘फ्रोझन’ करूनच वापरावा. त्यातही आत यादी ठेवली असेल तर ती बदलतेच, तेव्हा यादीऐवजी टपल ठेवावं.

तरी एक भोक उरतंच. रेकॉर्ड बनवताना आकडे क्रमाने दिले, तर तिथेही अक्षांश-रेखांश उलटू शकतात. काही जण म्हणतात, अक्षांश नव्वदच्या पुढे गेला तर चूक दाखवा, झालं. पण उलटलेल्या पुण्याचा अक्षांश ७३.८६ होतो आणि तो त्या चाचणीतून आरामात सुटतो. मुंबई, नागपूर, पणजी, दिल्ली, कोलकाता, सगळी सुटतात. पकडली जाईल ती गुवाहाटी, कारण तिचा रेखांश नव्वदच्या पलीकडे आहे. पायथन ३.१० पासून डेटाक्लासला सांगता येतं, की मूल्यं नाव घेऊनच द्यावीत, नुसती क्रमाने दिलेली स्वीकारू नकोस. ज्या रेकॉर्डात एकाच जातीचे दोन आकडे शेजारी बसतात, तिथे ही अट घालावीच. नेम्ड टपलला ती घालता येत नाही.