सपाट सूर म्हणजे उदासीनता नव्हे

कंपवात म्हटले की डोळ्यांपुढे थरथरता हात येतो. आवाजाकडे लक्ष जाते ते उशिरा, आणि तेही चुकीच्या अर्थाने. या आजाराच्या सुमारे ९० टक्के रुग्णांच्या बोलण्यात कधी ना कधी बदल होतो. मेंदूतले डोपामाइन घटले की चालताना पावले लहान पडतात; श्वास, स्वरयंत्र आणि जिभेच्या हालचालीही तशाच आखडतात. आवाज बारीक होतो, त्यातले चढउतार मावळतात. मराठीत ‘आई जेवली’ ही बातमी की चौकशी, हे पुष्कळदा शेवटच्या सुरावरच ठरते. लाड, टोमणा, अगत्यही तिथेच असते. सूर सपाट आणि चेहराही निर्विकार झाला की घरचे ठरवून टाकतात, ‘यांना आता कशातच रस नाही.’ कंपवातात नैराश्य येते, हे खरेच. पण ते आहे की नाही, हे रुग्णाला विचारून कळते, त्याच्या सुरावरून नव्हे.

‘सांगितले की नीट बोलतात, म्हणजे कंटाळाच,’ ही तक्रारही ऐकू येते. वरवर बिनतोड वाटणारा हा मुद्दा खरे तर उलट बाजूचा पुरावा आहे. आपोआप होणारे बोलणे बिघडले, तरी जाणीवपूर्वक बोलण्याची क्षमता बरीचशी शिल्लक असते. शिवाय रुग्णाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठाच वाटतो. तो समोरच्यालाच बहिरा ठरवतो! अमेरिकेत लॉरेन रेमिग यांनी १९८७ पासून विकसित केलेली ‘ली सिल्व्हरमन’ पद्धत नेमके हेच हेरते: चार आठवडे, आठवड्याला चार तास, मोठ्याने बोलण्याचा सराव आणि आपला आवाज नव्याने जोखण्याची सवय.

गोळ्या असताना हा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. कंपवातावरच्या लेव्होडोपा या औषधाने हातपाय जितके सैल होतात, तितके बोलणे सुधारेलच असे नाही. ब्रिटनमधल्या ३८८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ली सिल्व्हरमन’ पद्धतीने सखोल सराव केलेल्यांना आवाजाची अडचण कमी जाणवली; तिथल्या सरकारी सेवेतल्या नेहमीच्या, विरळ उपचाराचा मात्र उपचार न घेण्यापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे चार वेळा जाऊन आल्याने भागत नाही. तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट मिळणे कठीण, हे मान्य. पण हा सराव व्हिडिओ कॉलवरही घेता येतो. न्यूरॉलॉजिस्टने चाल तपासताना रुग्णाला दोन मिनिटे बोलतेही करावे, आणि थेरपिस्टकडे पाठवण्याची चिठ्ठी गिळताना ठसका लागेपर्यंत लांबवू नये.